भाव कसा करावा आणि मॅट फुकट कसे मिळवावेत

नवी गाडी स्वस्तात कशी पाडावी, हे आता मला कुणीही विचारावं. मी नुकतीच एक घेतली आहे आणि तिच्याबरोबर पायाखालच्या मॅटचा संच मला फुकट मिळाला आहे. अगदी फुकट. एवढं घवघवीत यश पदरात पडल्यावर चार जणांना शहाणपण शिकवायचा हक्क येतोच, तेव्हा घ्या लिहून.

शोरूममध्ये शिरताना मनातलं सगळं चेहऱ्यावर येऊ द्या. हीच गाडी, हाच रंग, कधीपासून हिचेच व्हिडिओ बघतोय, जुनी गाडी परवाच बंद पडली आणि पुढच्या आठवड्यात बाहेरगावी जायचंय, हे सगळं दारातच सांगून टाका. शक्य असेल तर मुलांना सोबत न्या. ती मागच्या सीटवर चढतील, काचा वर-खाली करतील आणि 'आता हीच न्यायची' म्हणून उतरायचं नाव घेणार नाहीत. सेल्समनला त्यानंतर फारसं बोलावं लागत नाही. दुसऱ्या शोरूममधून त्याच गाडीचं कोटेशन आणायचा विचार तर मनातही आणू नका. माणसांना वाईट वाटतं.

बदल्यात जुनी गाडी द्यायची असेल तर तेही पहिल्याच वाक्यात सांगा. नवीवर दिलेली सूट जुनीच्या किमतीतून कापून घ्यायला त्यांना जरा वेळ मिळायला हवा.

किंमत विचारू नका. ते कद्रूपणाचं लक्षण आहे. 'महिन्याला किती बसेल?' एवढंच विचारा, आणि समोरच्याचा चेहरा कसा खुलतो ते बघा. हप्ता जड वाटला तर तो मुदत वाढवून देतो आणि हप्ता खरोखरच उतरतो, यात लबाडी काही नाही. शंभराचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांत फेडलं तर व्याज साडेचोवीसच्या आसपास जातं, ७ वर्षांत फेडलं तर पस्तीसच्या. पण पस्तीस हा आकडा हप्त्याच्या कागदावर कुठे येतच नाही, मग त्याचा त्रास कशाला करून घ्यायचा? याहून गोड म्हणजे 'फक्त ७ टक्के फ्लॅट'. फ्लॅट म्हणजे तुम्ही अर्धं कर्ज फेडलंत तरी व्याज आपलं पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर चालूच. ५ वर्षांच्या कर्जाला हे ७ टक्के घटत्या शिलकीच्या, म्हणजे उरलेल्या कर्जावरच व्याज धरायच्या हिशेबानं साडेबाराच्या घरात जातात. कर्ज देणारा माणूस शोरूममध्येच टेबल टाकून बसलेला असतो, तो हे आपणहून सांगत नाही. आणि तुम्ही तरी कशाला विचारताय? हप्ता परवडतोय ना?

शून्य टक्के व्याजाची योजना असेल तर रोखीनं घेणाऱ्याला किती सूट आहे, याची चौकशी करू नका. बरेचदा दोन्ही एकदम मिळत नाहीत आणि सोडलेली सूट हेच ते व्याज, हे कळलं की दिवस खराब जातो.

महिनाअखेरीला जाऊ नका. तेव्हा त्यांचं टार्गेट अडलेलं असतं, आणि अडलेल्या माणसाकडून सूट घेणं बरं दिसत नाही.

गाडी बनली कधी, हेही विचारू नका. नवी म्हणजे नवी. यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांवर डीलर बहुतेक वेळा कर्जाचं व्याज भरत असतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त दिवस उभी असलेली गाडी त्याला सगळ्यांत आधी घालवायची असते. तुम्ही न विचारता ती नेलीत तर त्याला सूटही द्यावी लागत नाही. अगदीच हौस असेल तर चासी नंबर बघा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातल्या दहाव्या जागी पुष्कळ कंपन्या मॉडेलच्या वर्षाचं अक्षर घालतात, २०२४ ला आर, २०२५ ला एस. त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळी वापरतच नाहीत. का, तर १ आणि ० शी गल्लत होऊ नये. वाचणाऱ्याची एका अक्षरानंही फसगत होऊ नये म्हणून एवढा जपणारा हा धंदा. किमतीचा कागद लिहिताना मात्र... असो, त्यावर येतेच.

बाई असाल तर सोबत पुरुष न्या. कुठलाही चालेल. मी धाकट्या दिराला नेलं होतं. गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, चालवणार मी. सेल्समननं मला विचारलं, "मॅडम, रंग कोणता आवडला?" आणि इंजिन, मायलेज, वॉरंटी आणि किंमत हे सगळं दिराला समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्याला गाडी चालवता येत नाही. टॉर्कबद्दल ऐकताना तो अशी मान डोलवत होता की मलाच दया आली. हा माझा संशयी स्वभाव असं कुणी म्हणेल, म्हणून सांगते. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन अभ्यासकांनी शिकागो परिसरातल्या शोरूममध्ये गिऱ्हाईक म्हणून माणसं पाठवली होती. सगळ्यांना बोलणं तेच पढवलेलं, घासाघिशीची रीतही तीच. १९९५ मध्ये त्यांनी छापलेला निष्कर्ष असा, की सगळ्यांत कमी किमती गोऱ्या पुरुषांना सांगितल्या गेल्या, गोऱ्या स्त्रियांना त्याहून थोड्या जास्त, कृष्णवर्णीय स्त्रियांना आणखी जास्त आणि सगळ्यांत जास्त कृष्णवर्णीय पुरुषांना. शब्द तेच, गाडी तीच. तेव्हा 'भाव करता आला पाहिजे हो' असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाला?

आता मुख्य कला. ठरलेला आकडा कागदावर मागू नका, विश्वास ठेवा. कॅल्क्युलेटर तुमच्याकडे वळवून दाखवला जाईल, माहितीपत्रकाच्या मागे पेनानं काहीतरी लिहून त्याभोवती गोल काढला जाईल, तेवढं पुरे. मग तो सेल्समन मुलगा म्हणेल, "सरांना विचारून येतो." सर काचेच्या केबिनमध्ये असतात. आमचा सेल्समन आत गेला, सरांनी मोबाइलवरून नजर उचलली नाही, त्या मुलानं कोपऱ्यातल्या कूलरवर आपली पाण्याची बाटली भरली आणि तो बाहेर आला. "मॅडम, सर नाहीच म्हणत होते, पण मी तुमच्यासाठी भांडलो. मॅट फ्री करून देतो." मी काचेतून सगळं बघत होते. आत भांडण सोडा, कुणी कुणाशी बोललंसुद्धा नव्हतं. (त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्याही डोक्यावर टार्गेट आहे आणि हे वाक्य त्याला कुणीतरी शिकवलंय.)

तर भाव ठरला. सगळं धरून, ऑन-रोड, अमुक इतके. "आता यात काही वाढणार नाही ना?" "नाही मॅडम, हाच फायनल." लिहून द्या म्हटलं तर "बुकिंगच्या पावतीबरोबर मेल येईल." मेल आली, तिच्यात बुकिंगची रक्कम होती. बाकीचं "सिस्टीम अपडेट झाली की" येणार होतं.

ते आलं डिलिव्हरीच्या दिवशी. टेबलावर कागद, कागदावर पहिली नवी ओळ, हँडलिंग चार्जेस. हे काय? "गाडी यार्डातून शोरूमला आणायचा खर्च असतो ना, मॅडम." म्हणजे दुकानाचा माल दुकानात आणायचा खर्च गिऱ्हाइकानं द्यायचा! त्याखाली वाढीव वॉरंटी, जिला मी तोंडावर नाही म्हटलं होतं. त्याखाली पेंटवरचं कोटिंग. त्याखाली विमा, त्याच कव्हरला मला बाहेर मिळालेल्या आकड्याहून बराच चढा. "बाहेरून घेतलात तर क्लेमला त्रास होतो, मॅडम." अरे बाबा, क्लेम विमा कंपनी देते, शोरूम नाही देत. शोरूमला विम्यातून मिळतं ते कमिशन. आणि सगळ्यांत खाली 'एसेन्शियल किट'. मड फ्लॅप, डोअर व्हायजर, बॉडी कव्हर, एक परफ्युमची बाटली, आणि मॅट, संच १.

मॅट!

ज्याच्यासाठी तो पोरगा केबिनमध्ये भांडला होता, तेच मॅट. "ते किटमध्येच येतं, मॅडम." मग फुकट काय होतं? "किटवर तुम्हाला डिस्काउंट दिलाय ना." मला किट नको. "फिट झालंय." काढा. "सिस्टीम घेत नाही." ही सिस्टीम कोण आहे, कुठल्या केबिनमध्ये बसते, मला एकदा भेटायचंय तिला. पैसे घालायचे असले की ती बरोबर घेते, काढायचे असले की घेत नाही. आणि हे सगळं बाहेर कधी येतं? कर्जाचे पैसे त्यांच्या खात्यात जमा झाल्यावर, विम्याची पॉलिसी निघाल्यावर, माझा हप्ता सुरू झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी उठून गेले असते, म्हणूनच आधी सांगत नाहीत. आदल्या दिवसापर्यंत मी 'मॅडम, चहा घेणार का' होते. पैसे वळते झाल्यावर मी कुरकुर करणारी बाई झाले.

हँडलिंग मी खोडायला लावलं. अर्धा दिवस गेला, पण खोडलं. वाढीव वॉरंटीही गेली. हुज्जत घातली की जी रक्कम खोडता येते, ती लावायचीच कशाला? शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ तीच हँडलिंगची रक्कम निमूट भरून गाडीसमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "जाऊ द्या हो ताई, चांगल्या दिवशी वाद नको."

बास झालं आता सल्ले देणं.

डीलरला नुसत्या गाडीवर सुटतं थोडं. त्याचं पोट भरतं ते विमा, कर्ज, किट आणि सर्व्हिसिंगवर, हे मलाही ठाऊक आहे. कमवा की, कोण नको म्हणतंय! पण कमाई एकेका ओळीत लपवून, गिऱ्हाइकाला मॅटवर भांडायला लावून, त्या गडबडीत विमा आणि व्याज पुढे सरकवून कमवायची असेल तर त्याला धंदा म्हणू नका. एकाच साच्यातून, एकाच पट्ट्यावरून निघालेल्या दोन गाड्या. एक भिडस्त माणसाला महाग आणि दुसरी भांडखोराला स्वस्त? बिस्किटाच्या पुड्याची किंमत गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवली तर दुकानदाराला आपण चार शब्द सुनावू. मग माणूस आयुष्यातली घराखालोखालची मोठी खरेदी करतोय तिथेच हे का चालवून घ्यायचं?

आणि 'गाड्यांच्या धंद्यात एकच भाव चालत नाही' हे मला ऐकवू नका. जनरल मोटर्सनं सॅटर्न नावाचा ब्रँड १९९० मध्ये बाजारात आणला तो घासाघीस नाही, लावलेली किंमत हीच किंमत, असं सांगूनच. तो २०१० मध्ये बंद पडला हे खरं, पण एवढी वर्षं लोक लावलेली किंमत देऊन गाड्या नेत होतेच ना? टेस्ला आज लावलेल्या किमतीलाच ऑनलाइन गाड्या विकते. म्हणजे जमतं. तुम्हाला जमवायचं नाही.

तुम्हीही ऐका, गाडी घेणाऱ्यांनो. 'मी किती कमी करून घेतले' हे चारचौघांत सांगत फिरता, विम्याला किती गेले ते विचारलं तर 'ते त्यांनीच केलं' म्हणता. हँडलिंग म्हणजे काय हे विचारायची लाज वाटते आणि ते भरायची वाटत नाही. तुम्ही निमूट भरता म्हणून माझ्या कागदावर ती ओळ छापून येते. 'चांगल्या दिवशी वाद नको' म्हणे! त्यांना तुमचा चांगला दिवस बरोबर माहीत असतो, म्हणून तर कागद त्याच दिवशी बाहेर काढतात. आदल्या आठवड्यात घाला की वाद. विमा बाहेर विचारा, कर्ज बाहेर विचारा, प्रत्येक ओळीपुढे 'हे नको म्हटलं तर?' असं विचारा, आणि उत्तर आलं नाही तर उठा. गाड्या पळून जात नाहीत. 'शेवटची एकच उरलीय' म्हणतात ती पुढच्या महिन्यातही तिथेच उभी असते.

आणि शोरूमवाल्यांनो, एक कागद घ्या. त्यावर सगळं धरून एक आकडा लिहा, खाली शिक्का मारा, सही करा, तारीख घाला आणि तो पैसे घ्यायच्या आधी हातात द्या. त्यात मॅट नसले तरी चालेल. सिस्टीम घेत नसेल तर हातानं लिहा. आणि केबिनमध्ये जे कुणी सर बसलेत त्यांना बाहेर बोलवा. माझे पैसे घ्यायचेत ना? मग समोर बसून घ्या, त्या पोराला मध्ये पळवू नका.