'या या डिंग डाँग' मागणारा माणूस

दरवर्षी मे महिन्यात युरोपात देशोदेशीच्या गायकांची युरोव्हिजन गीतस्पर्धा रंगते, तेव्हा मी एक चित्रपट पुन्हा पाहतो आणि घरच्यांची बोलणी खातो. 'युरोव्हिजन साँग कॉन्टेस्ट: द स्टोरी ऑफ फायर सागा' हा तो चित्रपट जून २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. करोनामुळे त्या वर्षीची खरी स्पर्धा रद्द झाली होती. १९५६ पासून एकही वर्ष न चुकलेला हा सोहळा प्रथमच झाला नव्हता आणि त्याच्या जागी लोकांना पाहायला उरली ती ही थट्टा. त्यातला नायक लार्स झालेल्या अमेरिकन विनोदी नट विल फेरेलच्या विनोदाचा मी भक्त नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हट्टी पोरासारखा थयथयाट केला की मला हसू येतेच असे नाही. तरीही हा चित्रपट मला प्रिय आहे, कारण त्याने गाणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली, पण गाणी मात्र जीव ओतून केली.

हुसाविक हे आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे बंदर. पर्यटकांना होडीतून व्हेल दाखवायला नेणे हा तिथला मोठा धंदा. १९७४ साली टीव्हीवर याच स्पर्धेत 'आबा' या स्वीडिश बँडचे विजेते गाणे 'वॉटरलू' पाहून छोटा लार्स घरभर नाचतो आणि एक दिवस ही स्पर्धा जिंकायचीच, असे ठरवून बसतो. पुढची कित्येक दशके तो आणि त्याची बालमैत्रीण सिग्रिट 'फायर सागा' या नावाने गावातल्या पबमध्ये गातात आणि पिअर्स ब्रॉस्नन या देखण्या नटाने रंगवलेला लार्सचा मच्छीमार बाप भर गर्दीत मान खाली घालतो. स्पर्धेसाठी आइसलंडकडून या दोघांची निवड कशी होते, तर देशातले बाकी सगळे स्पर्धक ज्या बोटीवर मेजवानीला जमलेले असतात, त्या बोटीचा स्फोट होतो. गुणवत्तेवर निवड झाली असती तर विनोदाला धारच आली नसती.

मला जो प्रसंग सर्वांत खरा वाटतो तो मात्र चित्रपटात स्पर्धा भरते त्या एडिनबरोच्या झगमगत्या रंगमंचावरचा नाही. तो या पबमधला आहे. लार्सला स्पर्धेसाठी रचलेले भव्यदिव्य गाणे ऐकवायचे असते आणि गर्दीतला एक दाढीवाला माणूस 'या या डिंग डाँग' वाजवा म्हणून अडून बसतो. ते गाणे तद्दन बाष्कळ आहे, चालही अशी की एकदा ऐकली की दोन दिवस डोक्यातून जात नाही. तो माणूस विनंती करत नाही, तो मागतो. चेहऱ्यावर हसू नाही, आवाजात राग. ऐन विशीत मी सावंतवाडीकडच्या एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत असे, त्यामुळे हा माणूस मी चांगला ओळखतो. गणपतीतल्या कार्यक्रमात आम्ही महिनाभर तालीम केलेली एखादी अवघड चीज सुरू केली की तिसऱ्या ओळीलाच दहाच्या नोटेत गुंडाळलेली चिठ्ठी पुढे येई आणि तीवर त्याच त्या कोळीगीताची फर्माईश असे. निवेदक ती चिठ्ठी माझ्यासमोर धरी, मी मुकाट्याने स्वर बदलत असे आणि मंडप क्षणात जागा होई. तेव्हा त्या चिठ्ठीचा मला मनस्वी संताप येई.

गाणी खरी उतरली याचे मोठे श्रेय सावन कोटेचा या भारतीय वंशाच्या अमेरिकन गीतकाराला आणि त्याच्या स्वीडिश सहकाऱ्यांना जाते. पॉप गाण्यांचा मोठा कारखाना जिथे चालतो त्या स्वीडनमध्ये मुरलेली ही माणसे असल्यामुळे त्यांनी केलेले विडंबन मूळ स्पर्धेत खपून गेले असते. रशियन गायक लेमतॉव्हचे सिंहाचे गाणे ऐकताना आपण हसतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत पायाने ठेकाही धरतो. त्या भूमिकेतल्या डॅन स्टीव्हन्सला आवाज दुसऱ्याच गायकाचा आहे आणि सिग्रिट झालेल्या रेचल मॅकअॅडम्सच्या गाण्यात स्वीडिश गायिका मॉली सँडेनचा आवाज मिसळला आहे. चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, हे पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला नवे वाटत नाही. सिग्रिट पहिला सूर लावते तेव्हा मला तरी तो आवाज तिचाच वाटला.

ज्यांना यातले काही अतिशयोक्त वाटते, त्यांनी खरी स्पर्धा पाहावी. गाताना लार्स एका अवाढव्य चाकात उंदरासारखा धावतो आणि सगळाच बट्ट्याबोळ होतो. पण २०१४ साली युक्रेनच्या गायिकेमागे खरोखरच एक माणूस तसल्या चाकात धावत होता. चित्रपटात आइसलंडच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर स्वतःच्याच देशाच्या विजयाला घाबरतो, कारण विजेत्या देशाने पुढच्या वर्षीची स्पर्धा भरवायची असा रिवाज आहे आणि तो खर्च देशाला बुडवील अशी त्याला धास्ती असते. २००८ मध्ये आइसलंडच्या बँका कशा कोसळल्या हे आठवले की या विनोदाला कडवट चव येते. आयर्लंडने तर १९९३ साली ही स्पर्धा मिलस्ट्रीट नावाच्या दीड हजार वस्तीच्या गावात, घोडेस्वारीच्या बंदिस्त मैदानात भरवली होती. तेव्हा हुसाविकचे स्वप्न तितकेसे वेडगळ नाही.

सिग्रिट टेकडीवरच्या चिमुकल्या घरांपुढे अदृश्य लोकांसाठी केक आणि दारू ठेवून येते, हे आमच्या कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. राखणदाराला नारळ-विडी देणाऱ्या, प्रसंगी बाटलीही ठेवणाऱ्या आमच्या आजोबांना ती बाई अगदी शहाणी वाटली असती. चित्रपट तिच्या श्रद्धेची गंमत करतो, पण तिला मूर्ख ठरवत नाही आणि ऐन मोक्याच्या वेळी त्या छोट्या दारामागचे कोणीतरी तिचे ऋण फेडते. लेमतॉव्हलाही सुरुवातीला खलनायकाचा थाट आहे, पण आपल्या देशात आपण कोण आहोत हे उघडपणे सांगता न येणाऱ्या या माणसाचे एकटेपण शेवटी दोन-तीन वाक्यांत जे दिसते, ते मला साऱ्या प्रेमकथेपेक्षा भिडले.

तक्रारीही आहेत. दोन तासांहून लांब असलेल्या या चित्रपटातला अर्धा तास बिनदिक्कत कापता आला असता. अमेरिकन पर्यटकांना शिव्या देण्याचा विनोद एकदा ठीक आहे. लार्स आणि सिग्रिट एकमेकांवर प्रेम करतात हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळते, आणि लार्सला कळेपर्यंत आपण घड्याळ पाहत बसतो.

अंतिम फेरीत लार्स ठरलेले गाणे मध्येच थांबवतो आणि सिग्रिट आपल्या गावावर रचलेले गाणे गाते, काही ओळी तर चक्क आइसलंडिक भाषेत. नियमानुसार गाणे बदलता येत नाही, म्हणून ते बाद होतात. तिकडे हुसाविकच्या पबमध्ये बापाचा चेहरा मात्र पाहण्यासारखा होतो. हेच गाणे पुढे ऑस्करच्या नामांकनात आले आणि २०२१ च्या सोहळ्यासाठी ते हुसाविकच्याच बंदरावर, लोकरी स्वेटर घातलेल्या तिथल्या मुलींच्या साथीने चित्रित झाले. पारितोषिक मिळाले नाही. चित्रपटाच्या अखेरीस गावी परतलेली जोडी मंडळींना विचारते की स्पर्धेतले गाणे ऐकायचे का, तर गर्दी पुन्हा 'या या डिंग डाँग'च मागते.

आणि मग २०२१ साली रॉटरडॅमला खरी स्पर्धा झाली. आइसलंडने दिलेले गुण जाहीर करायला पडद्यावर कोण यावे? हानेस ओली आगुस्तसन, म्हणजे पबमधला तोच दाढीवाला. कोट्यवधी प्रेक्षकांसमोर, साऱ्या युरोपचे डोळे गुणफलकावर खिळलेले असताना, तो तसाच रागावलेल्या चेहऱ्याने 'या या डिंग डाँग'साठी अडून बसला. मी पुण्यातल्या घरात मध्यरात्र उलटून गेल्यावर एकटाच हसत होतो, आणि माझ्या बोटांना नकळत त्या कोळीगीताचे पहिले चार स्वर आठवत होते.