गाणं पाठवा, पण नावासकट

आज सकाळी गावाच्या ग्रुपवर एक भजन पडलं. फाइलचं नाव काय, तर 'एयूडी', पुढं तारीख, पुढं 'डब्ल्यूए' आणि चार आकडे. खाली लिहिलेलं, "आवाज कोणाचा माहीत नाही, पण भारी आहे, नक्की ऐका." त्यावर जोडलेल्या हातांची ही रांग!

कोणाचा म्हणजे? माझ्या मोठ्या बाबांचा आवाज आहे तो, लेकहो. मागच्या दिवाळीत मीच याच ग्रुपवर टाकला होता, नाव-गाव-साल लिहून. फिरून फिरून आज परत आला तो बेवारस होऊन. ज्या गावात त्या माणसानं उभी हयात खंजिरी वाजवली, त्याच गावात "माहीत नाही"!

ती कॅसेट आमच्या माळ्यावरची. १९८९ ची कोजागिरी. मधेच लाइन जाते, कोणीतरी ओरडते, "गेली बाप्पा!", आणि मोठे बाबा थांबत नाहीत. माइक बंद पडला म्हणून आवाज उलट चढवतात. टेपरेकॉर्डर सेलवर होता म्हणून तेवढं राहिलं. मी ते लॅपटॉपवर उतरवलं, मूळ प्रत फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये ठेवली, वाटायला एमपीथ्री केली. मग बसलो फाइलच्या आतल्या रकान्यांत, म्हणजे टॅगमध्ये, नावं भरत.

यावर घरचेच हसतात. "काहून एवढा जीव काढतं? अ‍ॅपवर सारं मिळते." मिळते, कबूल. ट्रॅक्टरवर मीही तेच लावतो. पण आपल्या मंडळाची कोजागिरी कोणत्या अ‍ॅपवर आहे, दाखवा ना! पिकार्ड नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते गाण्याचा ठसा घेते, जगभरच्या यादीत शोधते आणि नाव आणून देते. सिनेमाचं गाणं झटक्यात ओळखते. मोठ्या बाबांपुढं मात्र गप्प. त्याचा काय दोष? यादीत आपण कोणी टाकलंच नाही.

आणि टाकतो तेही कसं! तालुक्यात मोबाइलच्या दुकानातून कार्ड भरून आणलं की गाण्याच्या नावात कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता, गायकाच्या जागी 'अननोन आर्टिस्ट', बाकी सारे 'ट्रॅक ०१'. माझ्याकडे एकट्या महाराजांचे चार गायक झाले होते : 'तुकडोजी', 'तुकडोजी महाराज', 'राष्ट्रसंत तुकडोजी' आणि इंग्रजीत एक. माणूस एकच, प्लेअर चार दाखवते. एमपीथ्रीटॅग नावाच्या, हे रकाने भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून सारे एक केले. गाडीतला गाणी वाजवायचा जुना डबा देवनागरीच्या जागी चौकोन दाखवते. दाखवू दे. (पेनड्राइव्हवर गाणी नावाच्या क्रमानं वाजत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनो, बरेच डबे कॉपी केलेल्या क्रमानंच वाजवतात. तेव्हा एकेक करून क्रमानं टाका.)

खरं सांगतो, रकाने भरता भरता एक गोष्ट ध्यानात आली. महाराजांच्या भजनात शेवटी 'तुकड्यादास' येतो. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे'. फाइलचं नाव पुसा, कॅसेट तुटू द्या, मोबाइल बदला, रचणाऱ्याचं नाव गाण्यातच शिवलेलं आहे. महाराज १९६८ मध्ये गेले, इतकी वर्षं झाली, तरी कोणाची टाप आहे का ते उसवायची? गाणाऱ्याला अशी मुद्रा नसते. खंजिरीवाल्याला नसते, पेटीवाल्याला तर नसतेच. त्याचं नाव आपण टाइप करू तेवढंच.

म्हणून माझ्याकडे 'कंपोझर'मध्ये महाराज, 'आर्टिस्ट'मध्ये मोठे बाबा, 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये मंडळ. हा तिसरा रकाना सोडला की एका रात्रीची भजनं गाणाऱ्यागणिक फुटून वेगवेगळे अल्बम होतात. आणि 'कॉमेंट'मध्ये गाव, प्रसंग, पेटी कोणाची, टाळ कोणाचे.

पेटी कोणाची हे मलाही ठाऊक नव्हतं. आईला ऐकवलं. लाइन जाते तिथं एकजण खोकलतो. आई पटकन म्हणाली, "हा खोकला खालच्या आळीतल्या मास्तरचा. तेच पेटी वाजवत." मग पदर तोंडाला लावून हसत बसली, कारण मास्तर अंधारात चुकले होते आणि मोठे बाबा भजनाच्या चालीतच त्यांच्यावर डाफरले होते. मी ते दहादा ऐकलं असेन, मला कधी कळलंच नव्हतं. तेही लिहून ठेवलं 'कॉमेंट'मध्ये.

असो. आज ज्यानं टाकलं तो पोट्टा चांगला आहे. पुण्याला कंपनीत असतो, रात्रपाळीहून येताना ऐकलं म्हणे, गाव आठवलं. फोनवर त्याला रागावणार होतो, पण तो "काका, लाइन गेल्यावरचा आवाज..." एवढंच म्हणून थांबला, मग मी काय बोलणार? एवढं सांगितलं की व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, फाइलचं नाव टिकते. तेवढं तुम्हीही करा. हात जोडलेले चित्र नंतर टाका.

आणि ज्यांच्या माळ्यावर मंडळाच्या, लग्नाच्या, दंडारीच्या कॅसेट पडल्या आहेत, त्यांनी घेऊन या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं बसावंच लागते, घाईत येऊ नका. नुसती पिशवी ओट्यावर टाकून पळू नका. आवाज ओळखणारं घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत पाहिजे. चहा माझ्याकडे. फक्त सोयाबीन निघेपर्यंत फोन करू नका.