पगार सांगणार नाही, पण पॅशन दाखवा

एकदा काय ते ठरवा. नोकरी नसलेल्या माणसानं "जरा मनासारखं काम हवंय" म्हटलं की तो माजलाय, अजून चटके बसले नाहीत म्हणून नखरे सुचतायत. आणि तोच माणूस इंटरव्ह्यूला बसला की त्यानं डोळ्यांत चमक आणून सांगायचं, की तुमच्याकडे रिपोर्ट बनवणं हेच माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. घरी मनाचं नाव काढायचं नाही आणि इंटरव्ह्यूत मनाशिवाय दुसरं काही दाखवायचं नाही. "आमच्याकडेच का यावंसं वाटलं?" अहो, जाहिरात तुम्ही दिलीत म्हणून! पैसे लागतात आणि डोकं गंजायला लागलंय म्हणून. याहून प्रामाणिक उत्तर कुणाकडेच नसेल, पण ते दिलं की संपलं. "कळवतो" म्हणतात आणि वाटाण्याच्या अक्षता.

मी बेकार नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण "तुला आहे की काम" हे ऐकून कान किटलेत. संख्याशास्त्रात एमएस्सी केलंय. काम करते अर्धवेळ, एका ऑफिसात, एका शीटमधले आकडे दुसऱ्या शीटमध्ये उतरवायचं. पहिल्या शीटमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी येते, दुसरीला महिना आधी लागतो. त्यामुळे बारा तारखेपर्यंतच्या नोंदी निमूट आत जातात, फक्त चुकीच्या महिन्यात. तेरापासून पुढच्या लाल होतात. लाल झालेल्या दिसतात तरी. न झालेल्या एकेक डोळ्यांनी हुडकायच्या. मी त्यासाठी एक छोटा मॅक्रो लिहिला, बटण दाबलं की सगळ्या तारखा सरळ. साहेबांना दाखवला. त्यांनी मन लावून बघितला, खूश झाले आणि म्हणाले, "मॅडम, झकास आहे, पण हे सुरू केलं तर तुमचे तास कमी करावे लागतील. हातानंच चालू द्या." वाईट याचं वाटतं, की हे ते माझ्या भल्यासाठी म्हणाले. तेव्हापासून मी रोज ते काम हातानं करते, जे करायची गरज नाही हे मला आणि साहेबांना दोघांनाही ठाऊक आहे.

आणि याला अधिकृत भाषेत रोजगार म्हणतात. खरंच म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मापानुसार, ज्या आठवड्याची पाहणी चालू आहे त्या आठवड्यात तुम्ही एक तास जरी मोबदला घेऊन काम केलं असेल, तरी तुम्ही रोजगारात मोडता. एक तास! १९८२ च्या ठरावात हा तास होता, २०१३ च्या ठरावातही तो तसाच राहिला. बेकार म्हणवून घ्यायलासुद्धा तीन अटी आहेत: काम नसलं पाहिजे, काम मिळालं तर लगेच करायची तयारी पाहिजे, आणि अलीकडच्या काळात ते शोधलेलं पाहिजे. शोधून शोधून थकलात आणि महिनाभर अर्ज केला नाहीत, तर तुम्ही बेकारांच्या यादीतूनही बाहेर. तुमच्या खचण्यानं देशाचा बेरोजगारीचा दर सुधारतो! यामागचं तांत्रिक कारण मला कळतं, तेच तर शिकलेय. तास-दीड तासाचं कामही कुठे तरी मोजलं जावं, म्हणून तो नियम आहे. कमी तास मिळणाऱ्यांची वेगळी मोजणी होते, खचलेल्यांचीही होते. पण बातमीत झळकतो तो एकच आकडा, आणि त्या आकड्यात मी "काम आहे" च्या बाजूला सुखात बसलेली दिसते. माझं शिक्षण त्या तारखा उलट्या करण्यात सडतंय, हे तर कुठल्याच ठळक आकड्यात येत नाही.

त्यामुळे मामांना दोष तरी किती देणार. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, आहे ते धरून ठेव, चांगलं चाललंय की!" दुसरं वाक्य: "आणि स्पर्धा परीक्षेचं बघ." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. या माणसानं एका टेबलावर अख्खं आयुष्य काढलं आणि रोज संध्याकाळी घरी येऊन त्या टेबलाच्या नावानं बोटं मोडली. मामी साक्षीला आहेत. तरी मी "मला कंटाळा आलाय" म्हटलं की त्यांना माझ्या पिढीचं काय होणार याची काळजी वाटते. मामा, तुम्ही ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्यात तेच मला मिळावं म्हणून आशीर्वाद देताय, एवढं तरी बघा.

बरं, समाधानाचं काम म्हणजे मी काय मागतेय? हिमालयात जाऊन आत्मशोध नाही. मला जे येतं ते कुठे तरी लागावं. केलेल्या कामाचं पुढे काय झालं ते दिसावं. चूक झाली तर चूक आहे म्हणून सांगणारं कुणी असावं. झालं, एवढंच. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं तेविसावं कलम काढून वाचा, त्यात नुसता काम मिळण्याचा हक्क नाही, काम स्वतः निवडण्याचाही आहे, बेकारीपासून संरक्षणाचाही आहे. म्हणजे निवड हा पोट भरल्यावरचा चोचला आहे, असं ते लिहिणाऱ्यांना तरी वाटलं नव्हतं.

आता शोधण्याबद्दल. नोकरी शोधणं हेच एक पूर्णवेळ काम आहे, फक्त त्याला पगार नाही आणि सुट्टी नाही. आधी रिझ्युमे अपलोड करा. केला. आता रिझ्युमेत जे लिहिलंय तेच सगळं खालच्या रकान्यांत पुन्हा भरा. मग अपलोड कशाला करायला लावलात? ते सॉफ्टवेअर म्हणे आपोआप रकाने भरतं. माझा रिझ्युमे दोन कॉलमांत होता, तर त्यानं आडनावाच्या जागी "संख्याशास्त्र" भरलं आणि पदवीच्या जागी माझा पिनकोड. ते निस्तरता निस्तरता "आपलं सेशन संपलं आहे" अशी पाटी येते आणि पान कोरं. पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या पानावर एक रकाना असतो, अपेक्षित पगार, त्यावर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जाहिरातीत त्यांनी काय लिहिलेलं असतं? "पगार: इंडस्ट्रीच्या नियमांनुसार." म्हणजे माझे पत्ते उघडे आणि त्यांचे छातीशी. सगळं भरून पाठवलं की त्याच मिनिटाला मेल: तुम्ही दाखवलेल्या रसाबद्दल आभार, या मेलला उत्तर देऊ नये. नाही देत, बाबांनो.

काही जागा तर मुळात नसतातच. जाहिरात असते, जागा नसते. भविष्यात लागले तर असावेत म्हणून रिझ्युमे गोळा करायचे, किंवा बाजारात कंपनी वाढतेय असं दिसावं म्हणून पाटी लटकवून ठेवायची, किंवा माणूस आतलाच ठरलाय पण नियम म्हणून जाहिरात द्यायची. इकडे आपण त्या पाटीसाठी रात्री जागून "मला या भूमिकेबद्दल का ओढ वाटते" यावर निबंध लिहितो.

आणि गॅप! गॅप म्हटलं की यांच्या चेहऱ्यावर असे भाव येतात, जणू मी तो काळ तुरुंगात होते. "मधे हे काही महिने काय केलंत?" नोकरी शोधत होते. "ते ठीक, पण अजून काय केलंत?" अजून नोकरी शोधत होते! अमेरिकेत या गॅपवर एक मोठा प्रयोग झालाय, २०१३ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी खऱ्या जाहिरातींना बनावट रिझ्युमे हजारोंनी पाठवले. त्यात बेकारीचा काळ किती ते नशिबावर सोडलं होतं, चिठ्ठी टाकून ठरवावं तसं. काय निघालं? बेकारीचा काळ जितका जास्त, तितके उलट फोन कमी, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच. म्हणजे बाकी सगळं मुद्दाम सारखं ठेवलेलं, तरी नुसत्या त्या रिकाम्या महिन्यांनी माणूस उतरतो. नोकरी नाही म्हणून नोकरी मिळत नाही. आणि गॅप पडू नये म्हणून माझ्यासारखीनं हातात येईल ते काम धरलं, तर पुढचा प्रश्न तयारच असतो: "तुमचा अनुभव या पदाशी सुसंगत वाटत नाही." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका आठवड्यात मला एकीकडून "अनुभव कमी पडतो" आणि दुसरीकडून "तुम्ही या जागेसाठी जास्त शिकलेल्या आहात, टिकणार नाही" असं कळवलं गेलं. दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो असाइनमेंटचा. एका ठिकाणी इंटरव्ह्यूच्या आधी एक "छोटासा टास्क" दिला. फाइल उघडली तर त्यांच्या ग्राहकांचा खराखुरा डेटा, लोकांचे फोन नंबरसुद्धा काढलेले नाहीत. सोडून जाणारे ग्राहक का जातात ते शोधा, पुढे कोण जाईल याचं मॉडेल बांधा, आणि मॅनेजमेंटपुढे मांडता येईल असं प्रेझेंटेशन करा. मुदत शनिवार-रविवार. केलं मी. आणि खरं सांगू? मजा आली. कित्येक महिन्यांनी शिकलेलं वापरलं. जे ग्राहक एकदा तक्रार करून गप्प झाले होते तेच पुढे सटकत होते, नेहमी भांडणारे टिकून होते. हे सापडलं तेव्हा मध्यरात्री खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या. पाठवलं. "उत्कृष्ट काम, टीमला फार आवडलं." त्यानंतर शुकशुकाट. मेल केली, फोन केला, काही नाही. मग तीच जाहिरात पुन्हा लागली, शब्दन् शब्द तीच, खाली "छोटासा टास्क असेल" हेसुद्धा. शनिवार-रविवारचं काम फुकट गेलं याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग याचा आहे, की तेच काम मला हवं होतं. ते माझ्याकडून करून घेतलं आणि मग मला दिलं नाही.

यावर सल्लागार मंडळी काय म्हणतात? "रिकामा वेळ मिळालाय, सोनं कर त्याचं. नवीन कोर्स कर, वाच." भीक नको पण कुत्रं आवर. ऑस्ट्रियात मारिएंथाल म्हणून एक गाव आहे. तिथली कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला, तो १९३३ साली छापून आला. त्या गावातल्या वाचनालयानं पुस्तकं न्यायचे पैसे घेणं बंद केलं होतं. वेळच वेळ, पुस्तकं फुकट, तरी लोक पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं नेऊ लागले. दिवसभर काय केलं, हे पुरुषांना धड सांगता येईना. हे आळशी लोक नव्हते, गिरणी चालू असताना याच लोकांची मंडळं होती, वाचन होतं. काम गेलं की वेळ मोकळा होत नाही, तो पसरतो आणि हाताला लागत नाही. हे नव्वद वर्षांपूर्वी मोजून झालंय. तरी अजून आम्हाला कोर्सच्या लिंका.

"आवडीचं काम करा, मग ते काम वाटणारच नाही" हे सांगणाऱ्यांना तर हात जोडते. मला काम वाटणारंच काम हवंय. आणि आवड आहे म्हणून पगारात कात्री लावायची चलाखीही नको. "पैशांपेक्षा शिकायला खूप मिळेल" हे वाक्य ज्या ज्या ठिकाणी ऐकलं, तिथे बोलणारा स्वतः पगारावर होता. नोंदणी फी मागणाऱ्यांबद्दल वेगळं बोलायलाच नको. काम शोधणाऱ्याकडून एजन्सीनं फी घेऊ नये, असं १९९७ च्या आंतरराष्ट्रीय श्रम करारात तत्त्व म्हणून लिहिलंय, आणि तरी रोज कुणी ना कुणी "फक्त व्हेरिफिकेशनसाठी" पैसे मागतंच.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०२६ च्या जानेवारीपासून नियम लागू झालाय: पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनं जाहिरात दिली, तर जागा खरंच रिकामी आहे की नाही ते लिहायचं, पगाराचा पल्ला लिहायचा, आणि इंटरव्ह्यू घेतला असेल तर ४५ दिवसांत त्या माणसाला निर्णय झाला की नाही ते कळवायचं. युरोपीय संघानं २०२३ मध्येच ठरवलंय, की इंटरव्ह्यूच्या आधी पगार सांगायचा आणि आधीचा पगार विचारायचा नाही. म्हणजे "नाही" एवढं कळवायलासुद्धा माणसांना कायदा लागतो. लागू दे, कायद्यानं तर कायद्यानं. पण बाकीच्यांनी कायद्याची वाट बघायचं कारण नाही.

आमची ओढ, आमचं स्वप्न, पाच वर्षांनी आम्ही स्वतःला कुठे बघतो, सगळं सांगू. आधी आमचा फॉर्म भरा. तीनच रकाने आहेत: जागा खरी आहे का, पगार किती, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत. तिन्हींवर लाल चांदणी आहे.