बॉनेटखालची रिकामी जागा

आमच्या सोसायटीत कुणाची गाडी बंद पडली की लोक गॅलरीत येतात. माझी सुरू झाली की येतात.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. १९८६ची. रंग एके काळी पांढरा असावा. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत वॅगन-आर वळवायची तरी वॉचमनला तीनदा शिट्टी फुंकावी लागते. तिथे मी साडेचार मीटरहून लांब जहाज आणून लावलं. 'का?' हा प्रश्न बायकोने पहिल्या दिवशी विचारला. उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही, पण बायकोला सांगितलं नाही ते इथे सांगतो.

मी लालबागच्या चाळीतला. १९८२चा संप झाला तेव्हा सातवीत होतो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, ते घरी बसले. दोन वर्षांनी ही गाडी बाजारात आली आणि एक दिवस बंद गिरणीच्या फाटकातून एक पांढरी कॉन्टेसा आत शिरताना आम्ही बापलेकांनी पाहिली. जे फाटक दोन वर्षं आमच्यासाठी उघडलं नव्हतं ते तिच्यासाठी उघडलं. वडील म्हणाले, "बघ, इंजिनाचा आवाजसुद्धा येत नाही."

आवाज का येत नव्हता ते मला आता, पंचावन्नाव्या वर्षी, स्वखर्चाने कळलं. आत इंजिन असं फारसं नव्हतंच.

ही गाडी मूळची इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची. तिथे तिचं उत्पादन थांबल्यावर साचे हिंदुस्थान मोटर्सने विकत घेतले, उत्तरपाड्याच्या आपल्या कारखान्यात बसवले आणि त्या ऐसपैस अंगात ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन ठेवून दिलं. साधारण पन्नास अश्वशक्ती. अंग पैलवानाचं आणि फुप्फुसं हेडक्लार्कची. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा गाडीत जीव आला, पण माझी त्याच्या आधीची. बॉनेट उघडलं तर इंजिन असं कोपऱ्यात बसलेलं दिसतं की वाटतं, चुकून दुसऱ्याच्या लग्नात आलंय. याच घराण्यातल्या व्हॉक्सहॉल व्हेंटोराला ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. म्हणजे जागा त्याच्यासाठी होती. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ ही रिकामी जागा. मुंबईत रिकामी जागा दिसली की माणसाच्या डोक्यात एकच विचार येतो.

आधी खरेदीचं सांगतो. भायखळ्याच्या एजंटचं पहिलं वाक्य होतं, "साहब, पारसी बावा की गाडी है, सिर्फ संडे को निकालता था." मुंबईत जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो. हे सगळं खरं मानलं तर एकेका बावाजीकडे चाळीस गाड्या असायला हव्यात आणि आठवड्यात रविवारही तेवढेच. आरसी बुक उघडलं तर बावाजी कुठेच नाहीत. मी पाचवा मालक, आणि माझ्या आधीचा भिवंडीचा.

मीही तयारीनिशी गेलो होतो. फ्रिजवरचा महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीचा मॅग्नेट खिशात होता. पत्र्याला चिकटला तर पत्रा, पडला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली, हे मला आमच्या मिस्त्रीने शिकवलं होतं. डाव्या दारावर लावला, पडला. मडगार्डवर लावला, पडला. डिकीवर लावला, घसरत घसरत बंपरपाशी जाऊन थांबला. छतावर मात्र असा बसला की काढताना स्ट्रॉबेरीचं पान तुटलं. एजंट शांतपणे म्हणाला, "साहब, गाडी लेनी है या फ्रिज?"

घेतली. का घेतली, ते वर सांगितलंच आहे.

बायकोला घेऊन मे महिन्याच्या दुपारी भायखळ्याहून मुलुंडला निघालो. परळपर्यंत राजासारखे आलो. दादरला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सिग्नलवर काच खाली करून मला नमस्कारही केला. सायन सर्कलला गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि बरोब्बर मधोमध प्राण सोडला. स्टार्टर फिरतोय, बॅटरी ठणठणीत आणि इंजिन ढिम्म. मागे बेस्टची बस. बस ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्यापेक्षा हॉर्न बरा होता.

दोघातिघांनी ढकलून गाडी कडेला लावली. एक काळी-पिवळीवाला टॅक्सी थांबवून उतरला. वय सत्तरीच्या घरातलं, खाकी शर्ट. म्हणाला, "पद्मिनी चालवली तीस वर्षं. दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून कुणाचा पंप थंड केला नाय. वहिनी, रुमाल द्या." बायकोने पर्समधून रुमाल दिला. त्याने तो पाण्याच्या बाटलीने भिजवला, पिळला आणि पेट्रोल पंपाभोवती तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तसा गुंडाळला. चर्र झालं, वाफ निघाली. "व्हेपर लॉक. पेट्रोल नळीतच उकळतं, मग पंप काय खेचणार, वाफ? दहा मिनिटं बसा."

आम्ही बसलो. आणि त्या दहा मिनिटांत तो माणूस ते वाक्य बोलला, ज्याने माझं पुढचं वर्ष खाल्लं. बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला, "साहेब, एवढी जागा आहे. दुसरं इंजिन टाका ना."

गाडी सुरू झाली. बायकोने रुमाल परत मागितला नाही.

त्यानंतर मला शोध लागला की भारतात प्रत्येक पुरुषाच्या मनात एक इंजिन तयार असतं, त्याला फक्त गाडी हवी असते. टॅक्सीवाल्याचं मत डिझेल. इसुझूचं दोन लिटरचं, जे याच गाडीत पुढे कंपनीनेच बसवलं होतं. पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, काही नको, सीएनजी लाव. मी म्हटलं, ते इंजिन नव्हे, इंधन झालं. ते म्हणाले, तेच ते. आमच्या भिशीतल्या एकाने इलेक्ट्रिक मोटर सुचवली आणि स्वतःच खूप वेळ हसला.

भाचा अमेरिकेत, टेक्सासला. त्याला फोटो पाठवायची चूक मी केली. रात्री दोन वाजता त्याचा फोन. "मामा, ही तर मसल कार आहे! एलएस टाक." एलएस म्हणजे काय, हे त्याने पाऊण तास सांगितलं. जनरल मोटर्सचं आठ सिलिंडरचं व्ही-एट, १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचं आलं. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात असतो, त्यामुळे वरची हेडं आटोपशीर आणि एवढी ताकद असून इंजिन कुठेही मावतं. तिकडे म्हणे लोक ते जुन्या मस्टँगमध्ये टाकतात, जपानी गाड्यांत टाकतात, उद्या गवत कापायच्या यंत्रातही टाकतील. "मामा, १९६४ला पॉन्टिॲकने हेच केलं. मधल्या आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन ठेवलं आणि जीटीओ झाली. छोटं अंग, मोठं इंजिन, एवढीच मसल कारची रेसिपी."

मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे ती रेसिपी उलटी वाचली रे."

"अटल सेतूवर उडव ना!"

अटल सेतूवर ताशी शंभरची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत. मुलुंड ते घाटकोपर संध्याकाळी जायला व्ही-एट लागत नाही, वैराग्य लागतं. पेट्रोल शंभरीपार गेलेलं. पण रात्री अडीच वाजता माणूस असा हिशेब करत नाही. रात्री अडीच वाजता मी अंधारात पंख्याकडे बघत होतो आणि मला पंख्यातून व्ही-एटचा आवाज येत होता.

तिसऱ्या मजल्यावरचा ओंकार मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. तो जास्त व्यवहारी. "काका, अमेरिकन नको, पार्ट्स मिळणार नाहीत. टोयोटाचं तीन लिटर, सरळ सहा सिलिंडर. लांबट बॉनेट आहे, आरामात बसेल. दोनशेच्या वर हॉर्सपॉवर." जपानी गाड्यांचे अर्धे कापलेले धड आयात होतात, त्यांना 'हाफ कट' म्हणतात, त्यातलं इंजिन एका व्यापाऱ्याकडे आहे, हेही त्यानेच शोधून काढलं. "टोकन देऊन ठेवू काका, नाहीतर जाईल."

टोकन दिलं. किती, ते लिहीत नाही. हा लेख घरात वाचला जातो.

मग मी कुर्ल्याच्या आमच्या मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस कमी बोलतो आणि बोलताना कानात पाना घालून खाजवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन बदलायचं म्हणजे इंजिन सोडून बाकी सगळं बदलायचं."

"म्हणजे?"

"माउंटिंग नवीन बनवायचे. इंजिनची सम्प, म्हणजे खालची ऑइलची टाकी, गाडीच्या क्रॉस मेंबरला आपटणार, ती कापून परत वेल्ड करायची. जुना गिअरबॉक्स ही ताकद घेणार नाय, दाताचा चुरा होईल, म्हणून गिअरबॉक्स बदला. मग प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकणार. मागचा डिफरन्शियल बोंबलणार. हे इंजेक्शनवालं इंजिन, त्याला पेट्रोल तीन बार प्रेशरने लागतं, म्हणजे टाकीत नवीन पंप. वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. रेडिएटर मोठा. आणि एवढं करून गाडी पळाली की थांबवायची कशाने? म्हणून ब्रेक."

"मग शेवटी जुनं काय राहतं?"

त्याने पाना कानातून काढला, पुसला. "तुम्ही."

तरीही मी आरटीओत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी मला अतिशय सभ्यपणे वागवलं, हे मुद्दाम नमूद करतो, कारण असं कुणी सांगत नाही. मी म्हटलं, "मॅडम, गाडीचं इंजिन बदलायचंय." त्या म्हणाल्या, "खराब झालंय का?" म्हटलं, "नाही, लहान पडतंय." त्यांनी चष्मा काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय, कंपनीने जशी गाडी बनवली, तिच्यात परस्पर बदल करता येत नाही. आधी परवानगी, मग आरसीवर नोंद. आणि १४८९च्या जागी २९९७ सीसी? दोन सिलिंडर जास्त? सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ला हेच म्हटलंय, तेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "आणि गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली तर?" त्या म्हणाल्या, "त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. २०३६ला या." मग आवाज खाली आणून: "आमच्या ह्यांनीही जुनी बुलेट आणून ठेवलीय. तुमच्या मिसेस काय म्हणतात?"

घरी येताना चौथ्या मजल्यावरचे नाना जिन्यात भेटले. छातीत दोन स्टेंट. त्यांना सगळं माहीत होतं, सोसायटीत सगळ्यांनाच माहीत होतं. छातीवर टिचकी मारून म्हणाले, "नळ्या साफ कर रे. इंजिन तेच ठेव. माझा चासी नंबर अजून तोच आहे."

मिस्त्रीनेही नेमकं तेच केलं. ह्या जुन्या इंजिनात पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर काढणारा, दोन्ही एकाच बाजूला. कार्ब्युरेटर जवळजवळ तव्यावरच बसलेला. मिस्त्रीने कार्ब्युरेटरखाली बेकलाइटचं जाड पॅकिंग घातलं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण कापून मध्ये आडोसा केला, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब फिरवली, टाकी धुतली. टाकीतून जे निघालं ते त्याने बरणीत भरून मला दाखवलं. गुळाच्या पाकासारखं होतं. पॉइंट आणि कंडेन्सर नवीन. एकूण एक हजार आठशे पन्नास रुपये.

गाडी आता पळते. म्हणजे, चालते. गेल्या रविवारी लालबागला जाऊन आलो. गिरणीच्या जागी टॉवर आहे. फाटकाशी पाच मिनिटं थांबलो. सिक्युरिटीवाल्याने बॅरिअर वर केला आणि खाली करायला विसरून गाडीकडेच बघत राहिला. मी आत गेलो नाही. आत कुणाकडे जाणार?

राहिला प्रश्न टोकनचा. व्यापारी म्हणाला, पैसे परत नाहीत, त्या पैशांत इंजिन आहे तसं घेऊन जा, वायरिंग आणि ईसीयू वेगळं. ओंकारने टेम्पो केला. चार हमाल आणि ओंकार, असं करून दोनशे किलोंहून जड ते लोखंड माझ्या पार्किंगशेजारी लाकडी फळ्यांवर उतरवलं. आता त्यावर निळी ताडपत्री आहे, आणि ताडपत्रीखाली मांजरीने तीन पिल्लं दिली आहेत. तीन लिटरला तीन.

महिन्याच्या सभेत विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, जागा अडते, शुल्क लागेल. कोणत्या दराने? चारचाकी म्हणावं तर चाकं नाहीत. अडगळ म्हणावं तर अडगळीला दंड आहे आणि तो दर महिन्याला दुप्पट होतो. कुलकर्णी माझ्या बाजूने तळमळून बोलले, फक्त ते इंजिनाला सीएनजी म्हणत होते. शेवटी खजिनदारांनी तोडगा काढला. काल पावती आली. वाहनाचा प्रकार: दुचाकी. वाहन क्रमांकाच्या रकान्यात त्यांनी खाली वाकून, मांजरीला बाजूला सारून, इंजिन नंबर लिहून आणला होता. तो सुवाच्य अक्षरात आहे.

पावती बायकोने फ्रिजवर लावलीय. पान तुटलेल्या स्ट्रॉबेरीखाली.