राक्षस पुरे, भाग वाढवा

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या पुढच्या सीझनला नवे राक्षस हवेत, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बाप्पा. १९६३ पासून चाललेल्या मालिकेत राक्षसांची कधी टंचाई झाली? कमी पडतात ते भाग. २००५ मध्ये १३ होते, २०२५ मध्ये फक्त ८. मालिकेचा नायक म्हणजे डॉक्टर, त्याच्यासोबत फिरणाऱ्या रोझची आई त्याच्या कानाखाली वाजवते तेव्हा जी मजा येते, ती पात्रं मुरल्यावरच येते ना! आता डॉक्टर झालेल्या गॅटवाच्या जागी रोझचं काम केलेल्या बिली पायपरचा चेहरा का आला, हे तरी घाईत उरकू नका. रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण बघून आलेला भाचा विचारतो, डॉक्टर नागपूरला का येत नाही? येऊ दे, फक्त मे महिन्यात नको, त्याचं काळातून फिरणारं यान, टार्डिस, तापेल.