‘आधी पैसे देतो तो खरा’ म्हणे!

नोकरी शोधणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा गोषवारा असा: पैसे मागतो तो भामटा, आधी पैसे देतो तो खरा. ऑफर लेटरवर कंपनीचा नोंदणी क्रमांक असला की बिनधास्त राहा. फसलातच तर बँकेला तीन दिवसांत कळवा, पैसे परत मिळतात.

‘आधी पैसे देतो तो खरा.’ टेलिग्रामवरच्या ‘टास्क’चा अख्खा धंदा याच समजुतीवर चालतो. यूट्यूबचे तीन व्हिडिओ लाइक करा, दीडशे रुपये जमा. खरोखर जमा होतात. मग येतो ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. पुढे पाच हजार, वीस हजार. स्क्रीनवर शिल्लक फुगत जाते आणि काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’. ते दीडशे रुपये म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ.

दुसरी तऱ्हा: ‘लॅपटॉपसाठी दोन हजार पाठवायचे होते, चुकून वीस हजार गेले, बाकीचे परत करा.’ सोबत स्क्रीनशॉट आणि बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा मेसेज. खात्यात मात्र दमडी आलेली नसते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहिल्याशिवाय काहीही ‘परत’ करू नका. आणि पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. ‘पेमेंट प्रोसेसिंग’ची नोकरी, तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा. पैसे खरेच असतात, पण दुसऱ्या कुणाला तरी लुबाडलेले. खातं गोठतं आणि चौकशीला तुम्ही.

‘पैसे मागतो तो भामटा’ हेही सरसकट खरं नाही. सरकारी भरतीला बहुतेकदा परीक्षा शुल्क असतं. परदेशातल्या नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकं सेवाशुल्क घेता येतं. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. पण कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर ‘रिफंडेबल डिपॉझिट’? मुळीच नाही.

नोंदणी क्रमांकाचं म्हणाल तर तो कुणालाही सरकारी साइटवर सापडतो, उचलून चिकटवला की झालं. ऑफर लेटरवरचा फोन नंबर सोडा, कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन विचारा.

राहिले ते तीन दिवस. हा मुद्दा रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातून अर्धवट उचललाय. ते तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात सहसा बसत नाहीत. शिवाय भामटे काही तासांतच रक्कम खात्यांमागून खात्यांत फिरवतात. म्हणून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रक्कम वाटेत असेल तर बँकांना ती रोखता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा संदर्भ क्रमांक), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तक्रारीला तेच जोडायचंय.