अजून पत्तेच खेळतोयस?

आज डोकं तापलेलं आहे, पोस्ट लांबणार. वेळ नसेल तर लाईक ठोकून पुढे जा, राग नाही.

झालं असं की संध्याकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. वय वर्षं १९. सध्या 'विचर ३' हा व्हिडिओ गेम खेळतोय आणि त्यातल्या ग्वेंटमध्ये पार बुडालाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्वेंट म्हणजे त्या खेळाच्या पोटातला पत्त्यांचा खेळ. अगदी सुरुवातीला, व्हाइट ऑर्चर्डच्या सराईत एक विद्वान बसलेला असतो, तो शिकवतो. नको असेल तर नाही म्हणून पुढे जाता येतं. भाचा नाही म्हणाला नाही. (आत्यावर गेलाय.) तर त्याने फोन स्क्रीनसमोर टेकवून ठेवला होता, "आत्या, हा एक डाव बघ फक्त," म्हणून. बघत होते. तेवढ्यात मागून दादा गेला, स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "अजून पत्तेच खेळतोयस? ती मुलगी सापडली का नाही?" आणि वर, "सत्तर तास झाले ना? एकदाचं संपव की. उगाच टाइमपास."

भाच्याने मुकाट्याने डाव सोडून दिला. जिंकत आलेला डाव.

मी काही बोलले नाही. बाप-लेकाच्या मधे आत्याने पडू नये एवढं मला कळतं. पण फोन ठेवल्यापासून ते "संपव" डोक्यात घणघणतंय. संपव म्हणजे काय? तो काय गॅसचा फॉर्म आहे, भरून देऊन टाकायला?

आणि हे कोण बोलतंय? दादा! ज्याच्या 'व्हाइस सिटी' या गेममधला हीरो टॉमी माझ्यामुळे धावत होता, तो दादा!

ही गोष्ट माझ्या जवळच्या चारदोघांना माहीत आहे, बाकीच्यांनी ऐका. घरात कॉम्प्युटर एक, तो दादाच्या खोलीत, आणि त्यावर व्हाइस सिटी. (खेळ मोठ्यांसाठी आहे असं डब्यावर लिहिलेलं असतं, आमच्याकडे डबाच नव्हता.) नियम दादाचे. मिशनला हात लावायचा नाही. सेव्ह करायचं नाही. तो आंघोळीला गेला की माझी वीस मिनिटं. आता वीस मिनिटांत, मिशन न करता, सेव्ह न करता माणूस काय करणार? मी टॅक्सी चालवायचे. मग आग विझवायला लागले. मग ॲम्ब्युलन्स. गाडीत बसून एक बटण दाबलं की घड्याळ सुरू, नकाशावर ठिपके, पेशंट उचलायचे आणि दवाखान्यात सोडायचे. पहिल्या लेव्हलला एक पेशंट, दुसऱ्या लेव्हलला दोन, असं करत बाराव्या लेव्हलला बारा. गाडीत एका वेळी बसणार तिघेच. बेरीज करा, ७८ पेशंट होतात, आणि सगळे एका दमात, मधे थांबायची सोय नाही. ती गाडी जरा जोरात वळवली की कलंडते आणि कलंडली की पेटते. घाईत पेशंटच्याच अंगावर घातली तर खेळ खलास. हे मी कितीदा केलं हे विचारू नका.

एका दुपारी दादा क्लासला गेला आणि माझे बारा पूर्ण झाले.

बक्षीस काय? टॉमी धावताना दमत नाही. कधीच. एरवी थोडं धावला की धापा टाकत हळू होतो, तो आता शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळेल. आणि मी ते सेव्ह केलं. दादाच्या स्लॉटवर. हॉटेलातल्या त्या गुलाबी कॅसेटपाशी उभी राहिले तेव्हा अक्षरशः हात कापत होता. खेळातलं घड्याळ सहा तास पुढे गेलं, बाकी मिशन होती तिथेच. पकडले जाणार हे माहीत असूनही केलं.

कथा सोडून असं काही खेळत बसलं की लोकांचं ठरलेलं बोलणं असतं. जग बुडायला आलंय आणि तुमचा हीरो पत्ते काय खेळतो? विचरचा हीरो गेराल्ट, त्याची मुलीसारखी सिरी हरवलीय (दादाची 'ती मुलगी' हीच) आणि हा एका बॅरनशी डाव मांडून बसतो. 'फायनल फँटसी ७' मध्ये आकाशात उल्का लटकलेली, साऱ्या पृथ्वीवर पडणार, आणि खाली आपण चोकोबो नावाच्या पक्ष्यांची पैदास करतोय, कुठला कुठल्याशी जुळवला की सोनेरी पिल्लू होईल याचा हिशोब मांडत. 'याकुझा झिरो' मध्ये हीरो किर्यूच्या डोक्यावर न केलेल्या खुनाचा आळ, आणि तो गडी पोरांच्या घोळक्यात उभा राहून खेळण्यातल्या मोटारीला टायर कोणते लावावे याचा विचार करतोय. चेहरा तोच, खुनाच्या चौकशीला जातानाचा.

हसू येतं, येऊ दे. पण मला त्यातच तो माणूस दिसतो. मारामारीत सगळे हीरो सारखेच. टायर निवडताना कपाळाला आठी घालणारा किर्यू एकच. माणसं अशीच असतात हो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्यावर काही मोठं कोसळलं की आपण कपाटातले कपडे उगाच परत घड्या घालून ठेवतो का नाही?

आणि "टाइमपास" हा शब्द तर मला चालतच नाही. ग्वेंट एकदा नीट खेळून बघा. हातात दहा पत्ते, तीन फेऱ्यांतल्या दोन जिंकायच्या, आणि तिन्ही फेऱ्या त्याच दहा पत्त्यांत भागवायच्या. मधे आपोआप नवीन पान सहसा मिळत नाही. आज भाच्याचं काय चाललं होतं सांगते. पहिल्या फेरीत त्याने हेर टाकले. हेराचं पान समोरच्याच्या रांगेत पडतं, म्हणजे गुण शत्रूचे वाढतात, पण त्याबदल्यात आपल्याला दोन पत्ते मिळतात. समोरच्याचे गुण वाढत चाललेत, हा हरतोय, आणि याचा हात भरत चाललाय. मग समोरच्याने हेर टाकला, तो याने डेकॉयने (आपल्या रांगेतलं पान परत हातात घेणारा पत्ता) उचलला आणि त्याच्याच गळ्यात परत घातला. आणखी दोन पत्ते! "आत्या, पास म्हणू?" मी म्हटलं, म्हण. पहिली फेरी खुशाल जाऊ दिली. समोरच्याच्या हातात चार पत्ते, याच्या हातात नऊ. पुढे कडाक्याची थंडी टाकून त्याची अख्खी पुढची रांग एकेका गुणावर आणायची, एवढंच राहिलं होतं.

हरून जिंकायचं कसं, हे १९ वर्षांचं पोर तिथे शिकत होतं. आणि मागून आवाज, ती मुलगी सापडली का.

सापडते हो! सगळ्यांनाच सापडते! कथा पुढे नेली की ती सापडायलाच ठेवलेली आहे. मला दोनदा सापडलीय. तो पत्त्यांचा डाव मात्र आजचा होता, आणि तो गेला.

बरं, ज्यांना आडवाट, म्हणजे मुख्य कथा सोडून बाजूचा खेळ, फुकटचा माल वाटतो त्यांच्यासाठी. हेच ग्वेंट लोकांना इतकं आवडलं की कंपनीला त्याचा वेगळा खेळ काढावा लागला, २०१८ मध्ये तो पूर्ण होऊन आला. 'प्रोजेक्ट गॉथम रेसिंग २' च्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात एक आर्केड मशीन उभं होतं, गाड्या बघता बघता सहज खेळायला. त्यातून 'जॉमेट्री वॉर्स' झाला. 'सुपर मारिओ ३डी वर्ल्ड' मध्ये कॅप्टन टोडच्या, उडीसुद्धा मारू न शकणाऱ्या त्या बुटक्याच्या, काही आडबाजूच्या लेव्हल होत्या, पुढच्याच वर्षी, २०१४ ला, त्याच्या नावाचा अख्खा खेळ आला. आणि 'कॉल ऑफ ड्यूटी' मधले झाँबी? २००८ च्या 'वर्ल्ड ॲट वॉर' मध्ये मोहीम संपवल्यावर मिळणारी गंमत होती ती. आज कित्येक लोक फक्त झाँबींसाठी तो खेळ घेतात, मोहीम उघडूनही बघत नाहीत.

आणि लोडिंग! तरुण मंडळींना पटणार नाही, पण प्लेस्टेशनवर 'रिज रेसर' लोड होताना समोर 'गॅलॅक्सियन' खेळायला मिळायचा, आणि सगळे परग्रहवासी टिपले तर जास्तीच्या गाड्या मिळायच्या. वाट बघायला लावतोय तर हे घ्या, तोवर खेळा. केवढा सभ्यपणा. मग तो खेळ काढणाऱ्या नामको कंपनीने त्या कल्पनेचं अमेरिकेत पेटंट काढलं, १९९८ मध्ये मंजूर झालं, २०१५ मध्ये संपलं. तोवर लोडिंगच वेगवान व्हायला लागलं होतं. असो, हा वेगळा राग आहे, वेगळ्या दिवशी काढीन.

हो, सक्तीचे मिनीगेम रटाळ असतात, मान्य. 'फायनल फँटसी १०' मध्ये लुलू या पात्राच्या शस्त्रासाठी लागोपाठ २०० विजा चुकवायला लावणाऱ्या माणसाला माझ्यासमोर आणू नका. नकाशाभर नुसते ठिपके पेरून ठेवतात तेही खरं. पण त्याला मी आडवाट म्हणतच नाही, ती हजेरी आहे. आडवाटेची खूण एकच: तू नाही आलास तरी चालेल, असं तिने म्हटलेलं असतं.

आता राग थोडा उतरला असं वाटत होतं, पण ॲम्ब्युलन्सची पुढची गोष्ट आठवली. ही सांगणार नव्हते.

त्या दिवशी दादा क्लासहून आला, बसला, टॉमीला पळवायला लागला. पळतोय, पळतोय, थांबेचना. मी दारात. मला वाटलं आता पाठीत धपाटा. तो वळून म्हणाला, "तू काय केलंस?" मी सांगितलं. तो गप्प. मग त्याने टॉमीला समुद्रकाठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, उगाचच. मिशन वगैरे काही नाही. नुसतं पळवलं. आणि सेव्हबद्दल चकार शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी खिशातून फ्लॉपी काढली. त्यावर मित्राची सेव्ह फाईल. "याची पण करून दे." त्यानंतर आणखी एकाची. अशा तीन मित्रांच्या फाईल्स मी केल्या, दर वेळी ७८ पेशंट, एका दमात. आणि मित्रांना याने काय सांगितलं असेल? "मी केलं." आयत्या बिळावर नागोबा! मला मोबदला काय, तर वीस मिनिटांची चाळीस झाली.

आणि आज हाच माणूस पोराला म्हणतो टाइमपास. नाकाने कांदे सोलायचे म्हणजे किती.

(दहा मिनिटं उठून आले. पुढे लिहिते.)

खरं सांगू का, मी व्हाइस सिटीची कथा आजवर पूर्ण केलेली नाही. शेवटी काय होतं ते माहीत आहे, कारण दादा खेळत होता आणि मी शेजारी स्टुलावर बसून बघत होते. पण रात्री पाऊस पडतोय, रस्ता निऑनने लाल-निळा झालाय, मागे दोन पेशंट बसलेत, तिसरा पुलापलीकडे, आणि घड्याळात अकरा सेकंद... ते शहर माझं आहे. दादाचं नाही. त्याला ते मिशनच्या खुणांपुरतंच माहीत होतं. कुठल्या बोळातून गेलं की दवाखान्याचं दार समोर येतं हे तो मला विचारायचा.

त्याचंही कळतं मला. हल्ली त्याला आठवड्यात एखादा तास मिळत असेल, तोही उरला तर. एवढ्याशा वेळात माणूस सरळ रस्ताच धरणार. थकलेल्या माणसाला "काहीतरी पूर्ण झालं" एवढं तरी हवं असतं. ठीक आहे. पण मग ते आपल्यापुरतं ठेवावं ना. पोराकडे अजून सत्तर तास आहेत, त्याला मागू दे अजून सत्तर.

पोस्ट टाकण्याआधी दादाला पाठवली, उगाच नंतर कुरबूर नको. इतक्यात उत्तर आलंय, जसंच्या तसं देते: "तीन नाही, चार मित्र होते. माझी फाईल धरून पाच. ७८ गुणिले ५, ३९० पेशंट. लिहायचं तर नीट लिही."

लिहिलं.